गाळ, गाळी

वंटमुरीचा घाट लागला की मॅटाडोर आधी खोकते,
मग दोन आचके,
मग स्वतःलाच जड झाल्यागत थांबते.
मागे भाताच्या पेंढ्यात दीडशे माठ,
खानापुरातून निघालेले, संकेश्वरच्या बाजाराला.
रुजाय उतरून चाकामागे दगड लावतो. त्याला आता सांगावं लागत नाही.
दगडही आम्ही गाडीतच ठेवतो.

दहा मिनिटं, एक बिडी,
की पहिल्या सेल्फला चालू. जणू काही झालंच नव्हतं.
पुढं यमकनमर्डीपर्यंत बरी.
मग परत खोकला.

फिल्टर बदलला.
फीड पंपाचा दट्ट्या अंगठा सुजेपर्यंत मारला.
ब्लीडिंगचा स्क्रू सैल करून बघत बसलो:
आधी फेस, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळी धार.
धार चांगली होती. तीच तर पंचाईत,
चांगल्या धारेचं काय दुरुस्त करणार?
तांब्याचे वायसर नवे घातले,
पाइप तोंडाला लावून फुंकला,
दोन दिवस भाकरीला डिझेलची चव.

यमकनमर्डीचा शिवपुत्र मिस्त्री
खाली न वाकताच म्हणाला,
"गाळि बरंगिल्ल."
एवढंच. आणि परत ट्रॅक्टरच्या पोटात शिरला.

मला कानडी येते. भाव करण्यापुरती,
पोलिसाशी बोलण्यापुरती, मयताच्या घरी दोन शब्द.
मी ऐकलं, गाळ.
उरलेल्याचं 'बरं नाही' असं मीच लावून घेतलं.
गाळ तर गाळ.

टाकी उतरवली. रॉकेल आणि मूठभर खडी घालून
रुजायनं आणि मी पाळण्यासारखी हलवली.
निघालं काय, तर चमचाभर गंज
आणि एक मेलेली गांधीलमाशी.
एवढ्यानं भागेना म्हणून पुढच्या आठवड्यात परत.
त्याच्या पुढच्या आठवड्यात परत.
टाकी इतकी लख्ख की आत तोंड घातलं तर
स्वतःचाच आवाज अनोळखी यायचा.
आणि घाटात पुन्हा तेच. दोन आचके, दगड, बिडी.

"मिस्त्री, गाळ काढला सगळा. तीनदा."
तो बघतच राहिला. मग हातातला पाना मांडीवर आपटून हसला.
"गाळ अल्लो तम्मा. गाळि!"
आणि माझा तळवा उघडून त्यावर फुंकर मारली.

हवा.
बाहेर यायची नव्हे, आत जायची.

त्यानं टाकीचं झाकण फिरवलं
आणि टाकीनं हुस्स करून जो श्वास आत ओढला
तो बाजूला उभ्या म्हशीनंही मान वळवून ऐकला.

झाकणाचं भोक बंद होतं. कुणी केलं?
मीच. पौषात निपाणीची एक बाई
दोन माठ परत घेऊन आली होती, "पाण्याला गाडीचा वास येतोय गा."
त्या रात्री मी झाकणाला ट्यूबचा वायसर कापून बसवला,
भोकात एम-सील भरलं, बोटानं गुळगुळीत केलं.
इतकं चोख काम मी जन्मात दुसरं केलेलं नाही.

आणि हाच मी, गेली तीस वर्षं
प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आलोय:
ताई, तेलकट हात लावू नका,
हौसेनं बाहेरून रंग देऊ नका,
भोकं बुजली की माठ मेला म्हणून समजा.

मिस्त्रीनं दाभणानं एम-सील उकरलं. मिनिटभराचं काम.
पैसे घेईना.
एक माठ उचलला, टिचकी मारली, कान लावला, परत ठेवला.
दुसरा घेतला.

वास? येतोच थोडा.
माठ आता डाव्या अंगाला भरतो, टाकी उजवीकडं.

परतीला घाट लागला तेव्हा
रुजायनं दगड उचलून मांडीवर घेतला.
मी काही बोललो नाही.
बेळगावचे दिवे दिसायला लागले
तरी तो मांडीवरच होता.